परक्या रीतीच्या माणसाला पुष्पगुच्छ देताना फूल सर्वांत शेवटी निवडावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात परदेशी ग्राहक येणार असला, की आदल्या संध्याकाळी फुलवाल्याला फोन जातो: "उद्या दहाला एक बुके पाहिजे, जरा भारीतला." एवढ्या एका वाक्यात फुलाची जात, संख्या, रंग, आकार आणि वेष्टन हे पाचही निर्णय अशा माणसावर सोपवले जातात, ज्याला पाहुणा कोणत्या देशाचा आहे हेही सांगितलेले नसते. तो आपल्या पद्धतीने चांगलाच गुच्छ बांधतो. पाहुणाही हसून घेतो, काही बोलत नाही. चूक झाली होती हे कुणालाच कळत नाही आणि पुढच्या पाहुण्याच्या वेळी तीच पुन्हा होते.

ही चूक आपल्याकडून विशेष का होते, हे आधी लक्षात घ्यावे. शेवंती, झेंडू, गुलछडी आणि गुलाब ही फुले आपल्याकडे लग्नाच्या मांडवात असतात, अंबाबाईच्या पूजेत असतात आणि अंत्ययात्रेतही असतात. आपल्याकडे अशुभ ठरते ते फुलाचे रूप आणि जागा, फुलाची जात सहसा नव्हे. हार जिवंत माणसाच्या गळ्यात घातला तर सत्कार होतो, तोच त्याच्या तसबिरीला घातला तर घरातली माणसे दचकतात. जगात अनेक ठिकाणी मात्र फुलाची जात, दांड्यांची संख्या आणि क्वचित रंगच प्रसंग सांगतो. त्यामुळे आधी माणूस, मग वर्ज्य फुले, मग आकडा, मग रंग आणि सर्वांत शेवटी फूल, असा क्रम ठेवावा. दुकानात काय ताजे आहे, या प्रश्नापासून सुरुवात करू नये.

पायरी १ : फुलवाल्याला फोन करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात

पहिली गोष्ट म्हणजे पाहुणा कोणत्या रीतीत वाढला. येथे पासपोर्टवरचा देश फारसा उपयोगाचा नसतो. म्युनिकच्या कंपनीतून येणारा अभियंता मूळचा सांगलीचा असू शकतो, आणि त्याच कंपनीतून येणारी व्यवस्थापिका पोलंडची असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रसंग: स्वागत, वाढदिवस, घरचे जेवण, आजारपण की दुखवटा. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे गुच्छ स्वीकारल्यानंतर फुले कुठे जाणार. पाहुणा हॉटेलात उतरला असेल तर खोलीत फुलदाणी असेलच असे नाही; तो त्याच संध्याकाळी विमान पकडणार असेल तर मोठा गुच्छ म्हणजे त्याच्या गळ्यात अडकवलेले लोढणेच ठरते. चौथी गोष्ट म्हणजे त्रास: दमा, परागकणांची ॲलर्जी, घरातले मांजर. लिलीची फुले, पाने आणि परागसुद्धा मांजराच्या पोटात गेले तर त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, त्यामुळे मांजर असलेल्या घरी लिली नेऊच नये.

ही माहिती पाहुण्याला थेट विचारण्यात संकोच वाटत असेल, तर त्याच्या भेटीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला ई-मेलमध्ये एक ओळ लिहावी. "स्वागताला फुले देणार आहोत, टाळावे असे काही आहे का?" एवढे पुरते. असे विचारल्याने कोणी नाराज झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

*सावध :* "पिवळा गुलाब म्हणजे मैत्री, जांभळे फूल म्हणजे अभिमान" अशा ज्या याद्या फिरत असतात, त्या बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातील पुस्तिकांमधून आलेल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतही नाहीत. आज पॅरिसचा किंवा लंडनचा माणूस गुच्छ हातात घेऊन असे अर्थ वाचत बसत नाही. त्याच्या मनात दोनच गोष्टी पक्क्या असतात: आपल्याकडे मृताला कोणते फूल वाहतात आणि आपल्या प्रिय व्यक्तीला कोणते देतात. तेवढ्या दोन सांभाळाव्यात.

पायरी २ : वर्ज्य फुले आधी ठरवावीत

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात आणि त्यांतली सर्वांत मोठी चूक शेवंतीची आहे. कोल्हापुरात स्वस्त, टिकाऊ आणि गुच्छ भरगच्च दिसावा म्हणून पांढरी-पिवळी शेवंती सहज वापरली जाते. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सुमारास लोक शेवंतीच्या कुंड्या कबरींवर नेऊन ठेवतात. बेल्जियम, इटली आणि पोलंड येथेही ती स्मशानाशी जोडलेली आहे. चीन, जपान आणि कोरियात पांढरी शेवंती अंत्यविधीला वाहतात आणि चीनमध्ये पिवळीही त्याच कामी येते. जपानच्या राजघराण्याचे चिन्ह शेवंतीचेच आहे, हे खरे. परंतु म्हणून पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ स्वागताला चालत नाही. मी स्वतः एकदा फ्रान्सहून आलेल्या पाहुण्यांच्या हातात पांढऱ्या शेवंतीचा भरगच्च गुच्छ दिला होता. त्यांनी तो छायाचित्र होईपर्यंत धरला आणि मग हळूच टेबलाच्या कडेला ठेवला. त्याचे कारण मला पुष्कळ दिवसांनी कळले.

कार्नेशन हे दुसरे फसवे फूल आहे. फ्रान्समध्ये, विशेषतः नाटकवाल्यांमध्ये, ते अपशकुनी मानतात आणि जर्मनीत त्याला दुखवट्याची छटा आहे. याउलट दक्षिण कोरियात ८ मे रोजी मुले आईवडिलांना कार्नेशनच देतात, आणि जपानमध्ये मातृदिनाचे फूलही तेच आहे. एकच फूल एका पाहुण्याला खटकणारे आणि दुसऱ्याला मान देणारे असते, म्हणून "परदेशी लोकांना काय आवडते" हा प्रश्नच चुकीचा आहे.

पांढरी लिली युरोप-अमेरिकेत अंत्यविधीला फार वापरली जाते. केवळ पांढऱ्या लिलीचा गुच्छ टाळावा. गुलाबी किंवा नारिंगी लिली इतर फुलांत मिसळली तर सहसा अडचण नसते.

झेंडूचीही गंमत आहे. आपल्या दसऱ्याच्या तोरणातले हे फूल मूळचे मेक्सिकोकडचे असून तेथे ते 'सेंपासुचिल' या नावाने १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ मांडलेल्या वेद्यांवर असते. मेक्सिकन पाहुण्याला दारावरचे झेंडूचे तोरण पाहून आनंदच होईल, पण त्याच्या हातात निव्वळ झेंडूचा गुच्छ देऊ नये.

राहिला लाल गुलाब. त्याचा अर्थ बहुतेक सर्वत्र प्रेमाचा, तोही पतिपत्नी किंवा प्रेमिकांमधल्या. कामानिमित्त आलेल्या स्त्रीला लाल गुलाबांचा गुच्छ देणारा व्यवस्थापक आपल्याकडे नुसता उत्साही समजला जातो. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

घरच्या पाहुण्यांच्या रीतीही येथेच पाहाव्यात. कोल्हापुरात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही घरांत अहिंसेच्या विचाराने तोडलेली फुले टाळतात. तेथे विचारून जावे. पूजेसाठी फुले नेत असाल तर तो निराळा विषय आहे: ती हुंगू नयेत, शंकराला केवडा आणि गणपतीला एरवी तुळस नेऊ नये, आणि गुच्छाच्या जाळीतली फुले तर पूजेला नेऊच नयेत.

पायरी ३ : आकडा ठरवावा आणि स्वतः मोजावा

अकरा, एकवीस, एक्कावन्न या आपल्या सवयीमुळे विषम आकडा आपल्याला जवळचा वाटतो आणि तो बऱ्याच ठिकाणी उपयोगीही पडतो. रशिया, युक्रेन आणि पूर्व युरोपात जिवंत माणसाला विषम संख्येनेच फुले देतात. सम संख्या अंत्यविधीची. हा नियम तेथे अगदी रोजच्या व्यवहारातला आहे. जर्मनीतही लहान गुच्छात विषम संख्या बरी मानतात, मात्र तेरा टाळतात.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र गुलाब डझनाने घेण्याची पद्धत आहे आणि बारा या आकड्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. चीनमध्ये शुभकार्याला जोडीची, म्हणजे सम संख्या पसंत करतात. सहा आणि आठ चांगले, पण चार नको, कारण चारचा उच्चार 'मृत्यू' या शब्दाच्या उच्चाराजवळ जातो. जपानमध्येही याच कारणाने चार टाळतात आणि नऊ टाळतात, कारण त्याचा उच्चार 'क्लेश' या शब्दासारखा होतो.

पाहुण्याची पक्की माहिती नसेल तर पाच, सात किंवा अकरा दांड्या घ्याव्यात आणि चिनी पाहुण्यासाठी सहा किंवा आठ. मोजायची ती मुख्य फुले. जिप्सो (बारीक पांढरी फुले), पाने आणि बारीक भरणा त्यात धरत नाहीत. एका दांडीला अनेक फुले असतील, तर दांडी मोजावी.

*तपासा :* आपला फुलवाला दिलदार असतो. सात जरबेरा सांगितले तर तो "असू दे साहेब" म्हणून आठवा वरून घालतो आणि सगळ्या हिशोबावर पाणी पडते. गुच्छ हातात घेतल्यावर त्याच्यासमोर मोजावा. रस्त्यात एखादी दांडी मोडली तर नुसती तीच काढून चालणार नाही. सातातून एक गेली तर आणखी एक काढून पाच कराव्यात.

पायरी ४ : रंग

यात फार अडकू नये. निव्वळ पांढरा गुच्छ पूर्व आशियातील पाहुण्याला आणि आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनाही स्वागताला देऊ नये. रशियन पाहुण्याला निव्वळ पिवळा नको, कारण तेथे पिवळी फुले ताटातुटीशी जोडतात. ब्रिटिश व्यक्ती रुग्णालयात असेल तर केवळ लाल आणि पांढऱ्या फुलांचा मेळ टाळावा. तेथल्या जुन्या समजुतीत तो रक्त आणि पट्ट्यांची आठवण देतो. गुलाबी, नारिंगी, फिका जांभळा असे रंग एकत्र आणले की बहुतेक प्रसंग निभावतात.

पायरी ५ : फुलवाल्याकडे काय सांगावे

अंबाबाईच्या महाद्वाराजवळचे फुलवाले वेणी, हार आणि ओटीसोबतच्या फुलांत तरबेज असतात. सुटी फुले आणि गजरे तेथेच घ्यावेत. दांडीची फुले मात्र गुच्छ करणाऱ्या दुकानातून घ्यावीत, कारण तेथे ती पाण्याच्या बादलीत उभी ठेवलेली असतात. आपल्या शिरोळ तालुक्यात पॉलिहाऊसमध्ये गुलाब आणि जरबेरा होतात, त्यामुळे ही दोन फुले येथे ताजी मिळण्याची शक्यता अधिक असते. मला विचाराल तर परक्या रीतीच्या पाहुण्यासाठी जरबेरासारखे निर्धोक फूल नाही: वास नाही, परागाचा त्रास कमी आणि त्याला दुखवट्याची आठवण चिकटलेली नाही. ऑर्किड आणि ॲन्थुरियमही चांगले, फक्त महाग पडतात.

सांगताना वाक्य असे असावे: "सात दांड्या, गुलाबी आणि नारिंगी जरबेरा, शेवंती आणि गुलछडी नको, चमकी मारायची नाही, उंची हातभर, फोम नको, दांड्या खाली मोकळ्या." फुलांवर चमकी किंवा रंगाचा फवारा मारण्याची जी पद्धत आहे, ती कोणत्याच देशाच्या पाहुण्याला आवडेल असे मला वाटत नाही. गुलछडी वासाला अप्रतिम, पण बंद एसी गाडीत तासभर शेजारी ठेवली की डोके उठते.

गणपती, नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराईत फुलांचे भाव चढतात. तेव्हा चार दिवस आधी सांगून ठेवावे आणि पर्यायी फूलही त्याच वेळी ठरवावे. नाहीतर "जरबेरा आला नाही, म्हणून शेवंती घातली" हे वाक्य गुच्छ हातात पडल्यावर ऐकावे लागते.

पायरी ६ : आणल्यापासून देईपर्यंत

गुच्छ शक्यतो त्याच दिवशी सकाळी बांधून घ्यावा. आदल्या दिवशी आणावाच लागला तर दांड्यांची टोके धारदार सुरीने दोनतीन सेंटिमीटर तिरकी कापावीत, पाण्यात बुडणारी पाने काढावीत आणि स्वच्छ पाण्यात उभा ठेवावा. जरबेराची दांडी लवदार असते आणि खोल पाण्यात कुजते, म्हणून त्याला चारपाच बोटे पाणी पुरते. लिली असेल तर फूल उमलताच आतले तपकिरी परागकोश चिमटीने काढून टाकावेत. पराग कपड्यावर पडलाच तर पाणी लावून चोळू नये, डाग पक्का होतो. चिकटपट्टीने उचलून घ्यावा.

*सावध :* फुले पिकत्या फळांशेजारी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि कार्नेशनसारखी फुले त्याने लवकर मिटतात व सुकतात. मे महिन्यात पाहुण्यांसाठी आंब्याची पेटी आणि गुच्छ एकाच गाडीच्या डिकीत ठेवणे, हा आपला नेहमीचा घोटाळा आहे.

उजळाईवाडी विमानतळावर स्वागत असेल तर गुच्छ गाडीतच सावलीत ठेवावा आणि पाहुणा बाहेर येण्याच्या वेळी काढावा. तेथे लहान गुच्छच बरा, कारण पाहुण्याच्या दोन्ही हातांत सामान असते.

पायरी ७ : हातात देताना

जर्मनीत कुणाच्या घरी जाताना फुले नेली, तर कागदाचे वेष्टन दाराशीच काढून मग फुले देतात. मुलाकडे किंवा मुलीकडे म्युनिक-स्टुटगार्टला जाणारे आपल्याकडचे आईवडील शेजाऱ्यांकडे जेवायला जातात तेव्हा जिलेटीन पेपर, रिबन आणि किमतीच्या चिठ्ठीसह गुच्छ पुढे करतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे. जपान, चीन आणि कोरियातील व्यक्तीला दोन्ही हातांनी द्यावे. आपल्याकडे उजवा हात पुढे असावा, हे सांगायला नकोच.

गुच्छ, हार, कोल्हापुरी फेटा आणि शाल यांतले काय काय करायचे, ते आधी ठरवावे. चारही एकदम केले की पाहुणा फेटा सावरेल की गुच्छ धरेल, अशी त्याची तारांबळ उडते. फेटा बांधायचा असेल तर तो आधी, आणि गुच्छ सर्वांत शेवटी. हार घालायचाच असेल, तर स्त्री पाहुणीला स्त्रीने घालावा. हार घातल्यावर तो लगेच काढून ठेवला तरी चालते, हे पाहुण्याच्या कानात सांगावे. नाहीतर अपमान होईल या भीतीने बिचारा दोन तास ओला हार गळ्यात घेऊन बसतो.

कार्यक्रमात गजरे वाटताना कपाळ पाहून एखाद्या बाईला वगळू नये. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला. तबक सर्वांपुढे न्यावे. घ्यायचे की नाही, ते जिचे तिने ठरवावे.

पायरी ८ : आजारपण आणि दुखवटा

रुग्णालयात नेण्यापूर्वी फोन करून विचारावे, कारण अतिदक्षता विभागात फुले सहसा नेऊ देत नाहीत. जपानी रुग्णाला कुंडीतले रोप देऊ नये: 'मूळ धरणे' आणि 'अंथरूण धरणे' यांचे शब्द तेथे सारखे ऐकू येतात, त्यामुळे आजार मुक्कामाला आला असा अर्थ निघतो. कॅमेलियाचे फूल पाकळ्या न गळता अख्खे खाली पडते, म्हणून तेही नको.

दुखवट्यात वरचे बरेच नियम उलटे होतात. जी शेवंती दुसऱ्या पायरीवर वगळली, तीच येथे योग्य ठरते. रशियन कुटुंबाकडे येथे सम संख्येनेच फुले न्यावीत. पांढरा रंगही येथे चालतो. पुष्पचक्र ख्रिस्ती अंत्यविधीला योग्य. ज्यू कुटुंबात अंत्यविधीला फुले नेण्याची पद्धत नाही. कबरीला भेट देताना तेथे लहान दगड ठेवतात. मुस्लिम कुटुंबांत कुठे कबरीवर फुलांची चादर घालतात, तर कुठे साधेपणाचा आग्रह असतो आणि फुले नकोशी वाटतात, म्हणून जवळच्या नातेवाइकाला विचारूनच न्यावीत. विचारण्याजोगे कुणी नसेल तर रिकाम्या हाताने जावे.

*तपासा :* गुच्छ किंवा चक्रासोबतच्या चिठ्ठीवर नाव आणि मजकूर कोणत्या प्रसंगाचा आहे, हे दुकानातून निघण्यापूर्वी वाचावे. एकाच दिवशी दोन ऑर्डरी असल्या की चिठ्ठ्यांची अदलाबदल होते.

देऊन झाल्यावर चूक लक्षात आली तर

गुच्छ परत मागू नये आणि सर्वांसमोर खुलासाही करू नये. चहाच्या वेळी एका वाक्यात सांगावे, "आमच्याकडे हे फूल मानाने देतात, तुमच्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे हे मला आत्ता कळले." पुढचा बहुतेक वेळ पाहुणा स्वतःच त्याच्या गावच्या फुलांविषयी सांगण्यात घालवतो, आणि पायरी १ च्या कागदावर जे लिहायचे राहिले होते ते त्या वेळी लिहून घेता येते. पाहुणा परतीच्या प्रवासाला निघाला असेल तर फुले मागेच राहू द्यावीत, कारण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसारख्या देशांत ताजी फुले विमानतळावर जाहीर करावी लागतात आणि ती काढूनही घेतली जाऊ शकतात. त्याच्या हातात गुळाची लहान ढेप द्यावी, पण तीही बॅगेत भरण्यापूर्वी त्याच्या देशात चालते का ते पाहून.